बोअर, पऱ्हाटी आणि तापलेला स्लॅब: पर्यावरणाबद्दल वाचकांचे प्रश्न

हवामान बदल, भूजल आणि प्रदूषण या विषयांवर खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच अडचणीबद्दल अनेकांनी लिहिले होते, तिथे पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळीची बाग आहे. ट्यूबवेलचे पाणी दरवर्षी खाली जाते आणि मोटार आणखी पाइप जोडून उतरवावी लागते. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून पुनर्भरण केले तर पाणी परत वर येईल का? खड्डा नेमका कसा करायचा? त्याऐवजी शेततळे केले तर चालेल का?

उत्तर: दादा, खड्ड्याआधी हिशेब मांडू या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एकरावर २८ लाख लिटर. त्यातले १५ टक्के वाहून जाते असे धरले तर पुनर्भरणासाठी हाती येते सव्वाचार लाख लिटर. केळीची पूर्ण हंगामाची गरज १,६०० ते २,००० मिलिमीटर, म्हणजे एकरी ६५ ते ८० लाख लिटर. एक एकर बाग दोन-तीन एकरांवरचा पाऊस पिते. जगात जेवढे भूजल उपसले जाते त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात उपसला जातो, आणि रावेर-यावलचा पट्टा अतिउपशासाठी सरकारी अहवालांत वर्षानुवर्षे नोंदला गेला आहे. त्यामुळे नुसत्या पुनर्भरणाने ही तूट भरून निघणार नाही. तरीही ते जरूर करा. तुमची जमीन त्यासाठी राज्यातल्या उत्तम जमिनींपैकी आहे. सातपुड्यातून उतरलेल्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि भरड गाळाचा थर टाकलेला आहे. त्याला बझाडा म्हणतात आणि तो पाणी झपाट्याने खाली नेतो.

तुमच्या गाळाच्या पट्ट्यात चालू ट्यूबवेलच्या केसिंगला भोके पाडू नका. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला आधाराचा पाइप, कमकुवत होते, वाळू आत शिरते आणि मोटारीचे इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चाके, झिजतात. ट्यूबवेलपासून दहा-पंधरा फुटांवर स्वतंत्र पुनर्भरण शाफ्ट घ्या. दोन मीटर लांब, दोन रुंद आणि दोन खोल असा खड्डा खणून त्याच्या मध्यभागी आठ ते दहा इंच व्यासाचे भोक भरड वाळूच्या थरापर्यंत न्यायचे. भोक सध्याच्या पाणीपातळीपर्यंत नेऊ नये. मधे वाळू-मुरुमाचा थर राहिला तर पाणी गाळून खाली जाते, नाहीतर वरची घाण थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. भोकात जाळीदार पाइप उभा करून भोवती गोटी खडी भरा. पाइपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी दुहेरी गुंडाळून घट्ट बांधा. खड्ड्यात तळाला अर्धा मीटर मोठे दगड, त्यावर अर्धा मीटर लहान दगड, मग अर्धा मीटर खडी आणि सर्वांत वर धुतलेली भरड वाळू. वरचे वीतभर मोकळे ठेवा आणि काठाला फूटभर उंच विटांचे बांधकाम करा, म्हणजे बाजूची माती ढासळणार नाही.

पारोळा, चाळीसगावकडच्या वाचकांसाठी पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे खाली काळा खडक आहे. खडकातल्या बोअरभोवतीच वरच्या मापाचा खड्डा घेऊन, खड्ड्यातल्या केसिंगच्या खालच्या मीटरभर भागाला चार-पाच मिलिमीटरची भोके पाडतात आणि त्यावर काथ्या किंवा जाळी गुंडाळतात. दगड, खडी आणि वाळूचे थर तसेच. बोअर पूर्ण कोरडे असेल तरी ते बुजवू नका. पुनर्भरणाला तेच कामी येते.

या कामात सर्वाधिक फसते ती गाळण. पावसाचे गढूळ पाणी थेट खड्ड्यात सोडले की वाळूवर चिकणमातीची पापडी बसते आणि दुसऱ्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो. म्हणून खड्ड्याच्या वरच्या अंगाला दीड मीटर लांब, एक रुंद आणि एक खोल अशी गाळ बसण्याची टाकी बांधा. पाणी तिथे थबकून वरच्या थरातले तेवढे पुढे जाईल, अशा उंचीवर पाइप बसवा. पहिले एक-दोन पाऊस बाहेर काढून द्या. उन्हाळ्यात सांडलेले खत आणि फवारणीचे अवशेष त्यात असतात. ज्या तुकड्यात नुकतीच तणनाशकाची फवारणी झाली आहे, तिथले पाणी कधीही शाफ्टकडे वळवू नका. गोठ्याचे आणि न्हाणीचे सांडपाणीसुद्धा नको. दरवर्षी मे महिन्यात वरची दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू काढून धुवा किंवा बदला. खड्डा तयार झाल्यावर पाच हजार लिटरचा एक टँकर ओतून बघा. दोन-चार तासांत पाणी उतरले तर काम ठीक झाले. दुसऱ्या दिवशीही साचलेले दिसले, तर भोक पिवळ्या चिकणमातीतच थांबले आहे, आणखी खाली न्यावे लागेल.

शेततळ्याचे म्हणाल, तर प्लॅस्टिक कागद अंथरून ट्यूबवेलच्या पाण्याने भरलेले तळे म्हणजे पुनर्भरण नव्हे. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखे ते होते. मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास होते. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर उडून जाते. वाहून जाणाऱ्या पावसाने भरणारे आणि तळाला कागद नसलेले तळे मात्र बझाड्यात उत्तम झिरपते.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली, याबद्दलही अनेकांनी विचारले आहे. कल्पना अशी की पाणी अडवणारा पिवळ्या मातीचा थर कापायचा आणि पावसाचे पाणी खालच्या थराला भेटवायचे. गावाने मिळून हे करायचे तर नाल्याचा छेद भूजल सर्वेक्षणाच्या माणसांकडून आधी तपासून घ्या. जेसीबी हाताशी आहे म्हणून नाला खोल केला आणि तो शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली गेला, तर विहिरीच नाल्यात रित्या होतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार मे २०२५ मध्ये झाला आहे. ती कामे पूर्ण व्हायला वेळ लागेल. बागेतले पाणी मात्र आजपासून वाचवता येते.

ते वाचवायचे कसे? ऐन उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला दिवसाला साधारण २० लिटर लागतात. झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर अडीच तासांत काम होते. प्रत्यक्षात काय होते? मोटारीला ऑटो, म्हणजे वीज आली की ती आपोआप सुरू करणारा स्विच, बसवलेला असतो, रात्री आठ तास थ्री फेज येते आणि आठही तास ठिबक चालू राहते. झाडामागे ६४ लिटर. केळीच्या कामाच्या मुळ्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यामुळे उरलेले ४४ लिटर त्यांच्या हाती लागत नाही आणि सोबत युरिया खाली धुवून नेते. ऑटोच्या जोडीला टायमर लावा, किंवा बागेचे तीन भाग करून वेळेवर आपोआप बदलणारे व्हॉल्व्ह बसवा. दर एकरी १,७७७ झाडे धरली तर एका रात्रीत पाऊण लाख लिटरहून जास्त बचत होते. कोणत्याही पुनर्भरण खड्ड्यापेक्षा हे मोठे काम आहे. बुंध्याशी केळीचीच वाळलेली पाने चार-पाच इंच जाड पसरली की मातीतली वाफही कमी होते. आणि मृगबागेचे, म्हणजे जून-जुलैत लावायच्या केळीचे, क्षेत्र ठरवताना मे महिन्यात ट्यूबवेल तासाला किती पाणी देते ते मोजून ठरवा. डिसेंबरच्या पाण्यावर केलेली लागवड मे महिन्यात नवी बोअर मागते.

प्रश्न: धुळे तालुक्यात कापूस असतो. पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडे, जाळू नका म्हणतात. पण बोंडअळीसाठी ती जाळायलाच हवी असे शेजारी सांगतात. खरे काय? आणि तिचे करायचे काय?

उत्तर: दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या, किडक्या बोंडांत झोप काढते, म्हणून ती बोंडे शेतात आणि बांधावर जूनपर्यंत राहता कामा नयेत. पण त्यासाठी सगळी पऱ्हाटी पेटवण्याची गरज नाही. डिसेंबरअखेर कापूस संपवा, फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढे वाढवलेले पीक, घेऊ नका. उपटण्याआधी शेळ्या-मेंढ्या शेतात सोडल्या की उरलेली बोंडे त्या खातात. जी बोंडे तरीही उरतील ती हाताने वेचून नष्ट करा. एवढ्याने निम्म्याहून अधिक काम होते. पऱ्हाटीचे ढीग घराशेजारी सरपण म्हणून मे-जूनपर्यंत रचून ठेवण्याची सवय मात्र सोडावीच लागेल. पुढच्या हंगामाचे पतंग तिथूनच निघतात.

कोरडवाहू एकरात टनभर किंवा थोडी जास्त वाळलेली पऱ्हाटी निघते. ती ट्रॅक्टरच्या श्रेडरने बारीक करा, तुकडे दोन-तीन इंचांपेक्षा मोठे नकोत. तशीच रोटाव्हेटरने गाडली तर पुढचे पीक सुरुवातीला पिवळे पडते. त्यामागचे कारण असे की पऱ्हाटीत कर्ब खूप आणि नत्र फार कमी. ती कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात. म्हणून एक टन भुग्यासाठी आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट, एक किलो कुजवणारे जिवाणू संवर्धन आणि शंभर किलो शेण पाण्यात कालवून थरावर थर शिंपडत ढीग लावा. रुंदी सहा फूट, उंची चार ते पाच फूट, लांबी सोयीची. भुगा मुठीत दाबला की हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. आठवड्याभरात ढिगाच्या पोटात उष्णता ५५ ते ६५ अंशांवर जाते आणि तिथे अळी मरते. कडेचा भाग गार राहतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी ढीग उलटताना बाहेरचे आत घ्यायलाच हवे. ढीग तापत नसेल तर बहुतेक वेळा तो कोरडा असतो. कुबट वास येत असेल तर पाणी जास्त झाले आहे. चार-पाच महिन्यांत खत तयार होते.

श्रेडर मिळत नसेल तर कोळसा करता येतो. वर पाच फूट रुंद, खाली निमुळता आणि अडीच-तीन फूट खोल असा खड्डा घ्या. तळाशी वाळलेल्या काड्या रचून त्या वरून पेटवा. ज्वाला वर खेळत राहिली की आतल्या वायूंचा धूर तिथेच जळून जातो. काड्यांवर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर टाका. घाईने एकदम जास्त टाकले की धूर कोंडतो. खड्डा भरला की चार-पाचशे लिटर पाणी ओतून पूर्ण विझवा. हे पाणी पेटवण्याआधीच भरून ठेवायचे, भर दुपारी आणि वाऱ्यात हे काम करायचे नाही. वाळलेल्या पऱ्हाटीच्या पाचव्या हिश्शाइतका कोळसा मिळतो. तो कुटून शेणखतात किंवा स्लरीत दोन-तीन आठवडे मुरवा. कोरा टाकला तर तो मातीतलेच अन्न आधी स्वतःत ओढतो. आपल्या काळ्या जमिनी मुळात चोपणाकडे, म्हणजे अल्कलीकडे, झुकणाऱ्या आहेत आणि कोळसाही अल्कलीच असतो, म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच टाकून पीक बघा. उघड्यावर जाळलेल्या पऱ्हाटीचा कर्ब पुन्हा हवेत जातो. या कोळशातला बराचसा कर्ब मातीत दशकानुदशके टिकतो, म्हणून जगभर या पद्धतीकडे लक्ष लागले आहे.

प्रश्न: भुसावळला पूर्वीपासून ऊन असते. मग हवामान बदल म्हणजे नवीन काय? आमचे स्लॅबचे घर रात्री बारापर्यंत तापलेले असते. एसी परवडत नाही. उपाय सांगा.

उत्तर: ताई, भुसावळ-जळगावला ४५ अंशांचे दिवस जुन्या लोकांनीही सोसले आहेत, हे खरे. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून हवामान बदल ओळखता येत नाही. औद्योगिक काळाआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या मते त्या वर्षीचे सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी जास्त होते. सरासरी वर सरकली की तीव्र उन्हाचे दिवस वाढतात, आणि रात्रीही पुरेशा गार होत नाहीत. शरीराला सावरायला रात्रच लागते, म्हणून तुमची रात्रीची तक्रार गंभीर आहे.

स्लॅबला चुना लावा. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, हे प्रमाण. कळी पाण्यात टाकली की उकळते, म्हणून लोखंडी ड्रम वापरा, प्लॅस्टिकची पातळ बादली वितळू शकते. पाण्यात कळी हळूहळू टाका, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेत, मुले दूर हवीत. २४ तास मुरू द्या, कापडातून गाळा, वर थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळा. स्लॅब झाडून, धुवून, ओलसर असताना पहाटे पहिला हात मारा. दुसरा हात आडवा, तिसरा पुन्हा उभा. तापलेल्या कोरड्या स्लॅबवर लावलेला चुना पावडर होऊन उडतो, हीच सर्वांत सामान्य चूक. पावसात तो धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा लावायचा. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे पांढरा उष्णतारोधक रंग द्या, किंवा पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा. त्या मधल्या फटीतून वारा खेळला पाहिजे.

कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि घाम सुकत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उतरत जातो. घरात कोणी बरळायला लागले, अंग तापले आणि शुद्ध हरपतेय असे वाटले, तर तो उष्माघात आहे. अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका.

प्रश्न: चोपड्याजवळच्या आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त आले. पाणी उकळून प्यायले तर चालेल ना?

उत्तर: नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध या पाण्यात कालवून देणे सर्वांत धोक्याचे, रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद त्याने कमी होते आणि बाळ निळसर पडते. तुरटी आणि साध्या कँडल फिल्टरचाही उपयोग नाही. आरओ चालतो, पण त्यातून निघणारे टाकाऊ पाणी विहिरीशेजारी सोडू नका. उकिरडा आणि शौचखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. युरिया एकदम न देता ठिबकमधून थोडा थोडा द्या. फेरतपासणीसाठी मोटार दहा-पंधरा मिनिटे चालवून मग एक लिटर नमुना स्वच्छ बाटलीत घ्या, गार ठेवा आणि २४ तासांत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोचवा. एक तपासणी मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर अशी जोडी हवी.

प्रश्न: मी नंदुरबारला महाविद्यालयात शिकतो. जगासमोरचे सर्वांत मोठे पर्यावरणीय संकट कोणते: तापमानवाढ, जंगले की प्रदूषण? आमच्या गटाला सातपुड्यात बीजगोळे (बी घातलेले मातीचे गोळे) टाकायचे आहेत.

उत्तर: ही तीन संकटे वेगळी काढता येत नाहीत. जंगल विरळ झाले की डोंगरावरची माती उघडी पडते, पाऊस मुरत नाही, खालच्या विहिरी आटतात आणि झाडांत साठलेला कर्ब हवेत जातो. २०२२ साली माँट्रियलला देशांनी २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखण्याचे ठरवले, ते याच कारणाने.

बीजगोळ्यांवर मात्र वेळ घालवू नका. उघड्या, चराई असलेल्या उतारावर टाकलेले बी उगवले तरी पहिल्या उन्हाळ्यात किंवा शेळीच्या तोंडी जाते. सातपुड्यात साग, सालई आणि अंजनाची जिवंत खोडे मातीत असतात. चराई आणि वणवा थांबला की ती आपणहून फुटतात. एका खोडाला दहा-बारा धुमारे येतात, त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे पावसाळ्याआधी कापा. जानेवारीअखेर चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून जाळरेषा म्हणून राखा, म्हणजे वणवा पुढे सरकणार नाही. उतारावर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल सलग समतल चर घ्या. पातळी ए-फ्रेमने (इंग्रजी A आकाराच्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने मोजा. अंदाजाने खणलेला चर एका टोकाला भरतो, फुटतो आणि तिथून घळ पडते. हे सगळे वनविभागाच्या आणि ग्रामसभेच्या परवानगीनेच. साक्री तालुक्यातले बारीपाडा एकदा बघून या. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईचे नियम स्वतः घातले आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नियम मोडणाऱ्याचे काय करायचे हे गावानेच कसे ठरवले, ते तिथे जाऊन विचारा.

प्रश्न: ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंग पेपर बांधावर जाळले तर काय बिघडते?

उत्तर: नळ्या पॉलिथिनच्या असतात. उघड्यावर त्यांचा काजळीचा धूर फुप्फुसात खोल जातो. त्यात पीव्हीसी पाइपाचा तुकडा असेल तर आम्ल वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. ती राखेतून चाऱ्यात आणि दुधात उतरतात. नळ्या माती झटकून, ड्रिपर आणि जोडण्या वेगळ्या काढून, वर्तुळाकार गुंडाळून भंगारात द्या. स्वच्छ मालाला भाव बरा येतो. मल्चिंगसाठी २५ मायक्रॉनपेक्षा पातळ कागद घेऊ नका. तो हंगामाअखेर उचलताना फाटतो, तुकडे रोटाव्हेटरखाली जाऊन मातीत मिसळतात आणि नंतर ते वेचून काढता येत नाहीत. कागद ऊन तापण्याआधी, पीक काढल्यावर आठवड्याभरात, माती किंचित ओली असताना एका टोकाकडून सलग ओढा. तो मातीमुळे सहसा भंगारवाले घेत नाहीत. एकदा धुवून, वाळवून, गाठोडे बांधून ठेवला आणि चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून दिला, तर पुनर्वापर करणारे उचलतात.